वाचकांचे प्रश्न : सफरचंदाचा आयरिश केक आणि त्यावरचे कोमट कस्टर्ड

या महिन्यात स्वयंपाकाविषयी आलेल्या पत्रांमध्ये सफरचंदाच्या आयरिश केकविषयीची पत्रेच जास्त आहेत. आपल्या सीमाभागातली मुले शिकायला आणि नोकरीला आयर्लंडपर्यंत पोहोचली आहेत, आणि तिथे खाल्लेले पदार्थ सुट्टीत घरी आल्यावर आईने करून द्यावेत असा त्यांचा हट्ट असतो, हे पत्रांवरून दिसते. पत्रे लांब होती, त्यामुळे प्रश्नांचा गाभा तेवढा येथे दिला आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी मुलगी डब्लिनला असते. तिने पाठवलेल्या कृतीप्रमाणे मी सफरचंदाचा केक केला. नेहमीच्या केकसारखे लोणी आणि साखर भरपूर फेसून घेतले, पण केक फुलला नाही. वरून तो खारीसारखा कडक झाला आणि मध्ये ओलसर गोळा राहिला. माझे काय चुकले?
— एक भगिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ताई, आपण बेकरीच्या केकची रीत या केकला लावली, तिथे घोटाळा झाला. मीही पहिल्या वेळी हेच केले होते. माझा केक तर मधोमध इतका कच्चा होता की सुरी घालताच पीठ बाहेर ओघळले आणि पाहुण्यांसमोर मला तो हलवा असल्याचे सांगावे लागले. हा केक स्पंजच्या जातीचा नाही. तो भाकरी आणि केक यांच्या मधला, शेतकऱ्याच्या घरचा पदार्थ आहे, आणि त्याची नाळ आपल्या शंकरपाळ्याशी अधिक जुळते.

शंकरपाळ्यासाठी आपण मैद्याला मोहन चोळतो, तसेच येथे लोणी चोळायचे असते. मात्र शंकरपाळ्याचे मोहन कडकडीत असते आणि हे लोणी फ्रीजमधून नुकतेच काढलेले, घट्ट असावे लागते. 225 ग्रॅम मैद्यात दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ घालून तो दोनदा चाळावा, त्यात 115 ग्रॅम थंड लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे टाकावेत आणि फक्त बोटांच्या टोकांनी, तळहात न लावता, मिश्रण भरड रव्यासारखे दिसेपर्यंत चोळावे. तळहाताला ऊब असते आणि लोणी पाघळले की सगळी मेहनत वाया जाते. चोळून झालेल्या मैद्याची मूठ वळली पाहिजे, पण बोटाने टोचताच ती फुटली पाहिजे. लोण्याचा थर मैद्याच्या कणांवर बसला की पाणी लागूनही पिठाला चिवटपणा येत नाही, आणि लोण्याचे जे बारीक कण शिल्लक राहतात ते भट्टीत वितळून आपल्या जागी पोकळी ठेवून जातात. या केकचा भुसभुशीतपणा असा तयार होतो, फेसण्याने नव्हे.

यानंतर 110 ग्रॅम साखर, तीन लवंगांची ताजी पूड आणि सोलून बोटाच्या पेराएवढ्या फोडी केलेली 300 ग्रॅम सफरचंदे त्यात मिसळावीत. एक अंडे 60 मिलिलिटर दुधात फेटून ओतावे आणि सुरीच्या पात्याने किंवा उलथन्याने जेमतेम एकत्र करावे. पीठ थालीपिठाच्या पिठापेक्षा सैल आणि भज्यांच्या पिठापेक्षा पुष्कळ घट्ट असावे. कोरडे वाटले तर आणखी एखादा चमचा दूध घालावे, त्याहून अधिक नाही, कारण उरलेले पाणी सफरचंद स्वतः सोडणार असते. सफरचंदाच्या वजनात जवळजवळ 85 टक्के पाणी असते, आणि आपल्या केकच्या मध्यभागी जो ओला गोळा राहिला तो बहुतेक याच पाण्याचा होता. म्हणून फोडी अगदी शेवटी चिराव्यात. चिरून ठेवल्या तर त्या काळ्या पडतात आणि साखर लागताच पाणी सुटू लागते.

18 ते 20 सेंटिमीटरच्या भांड्याला लोणी लावून मिश्रण त्यात घालावे, वर एक मोठा चमचा जाडी साखर भुरभुरावी आणि आधी पंधरा मिनिटे तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 45 ते 50 मिनिटे भाजावे. वरचा साखरेचा थर कुरकुरीत होणे हे या केकचे लक्षणच आहे, त्यामुळे आपला केक वरून कडक झाला याचे वाईट वाटून घेऊ नये. विणकामाची सुई मध्यभागी खुपसून पाहावी; ती फोडीत शिरली तर ओली निघेल, म्हणून दोन-तीन ठिकाणी खुपसावी. पृष्ठभाग लवकर तांबूस झाला तर वर कागद किंवा ॲल्युमिनियमची फॉइल सैलसर झाकून भाजणे चालू ठेवावे.

लवंग पाहून आपल्याला नवल वाटले असेल. दालचिनी घालण्याची पद्धत आता सर्वत्र दिसते, पण आयर्लंडच्या खेड्यांतली जुनी जोडी सफरचंद आणि लवंग हीच आहे. पूड मात्र बेताची असावी, नाहीतर केकला दंतमंजनाचा वास येतो.

प्रश्न : कृतीत ‘ब्रॅम्ली’ नावाचे सफरचंद लिहिले आहे. निपाणीत ते कोणी ऐकलेले नाही. आपल्याकडच्या लाल सफरचंदाचा केक गोडमिट्ट आणि बेचव होतो. काय वापरावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण या केकमध्ये मसाल्यापेक्षा आणि लोण्यापेक्षाही सफरचंदाच्या आंबटपणाला किंमत आहे. ब्रॅम्ली हे खाण्याचे सफरचंद नव्हे, रांधण्याचे आहे. कच्चे खाल्ले तर कैरीसारखे दात आंबतात. शिजवले की मात्र ते फुलून त्याचा मऊ लगदा होतो आणि आंबटपणा शिल्लक राहतो. इंग्लंडमधल्या साऊथवेल गावात 1809 साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने रुजवलेल्या बियांतून त्याचे पहिले झाड वाढले. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले, आणि एका रोपवाटिकेवाल्याने कलमे मागितली तेव्हा ब्रॅम्लीने आपलेच नाव देण्याची अट घातली. बी लावणारी एक आणि नाव भलत्याचेच, हा अनुभव आपल्याकडच्या बागाईतदारांनाही नवा नसावा. उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा परगण्यात या सफरचंदाच्या मोठ्या बागा आहेत, आणि ‘आर्मा ब्रॅम्ली’ या नावाला 2012 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले.

आपल्याकडे ऑगस्टपासून हिमाचलचा आणि त्यानंतर काश्मीरचा माल येतो, आणि त्यात लाल, गोड डेलिशस जातीचाच भरणा असतो. हे सफरचंद भट्टीत ना नीट विरघळते ना चव धरते. त्याच्या फोडी केकमध्ये भिजलेल्या लाकडासारख्या लागतात. त्याऐवजी ग्रॅनी स्मिथ या जातीची हिरवी सफरचंदे घ्यावीत, जी आता मोठ्या फळवाल्यांकडे मिळतात. बेळगावच्या गणपत गल्लीत फळवाला कानडी बोलणारा असेल तर ‘हुळी सेबु अदावेन्री?’ म्हणजे ‘आंबट सफरचंद आहे का?’ असे विचारावे. मला तरी या प्रश्नावर प्रत्येक वेळी आधी हसू आणि मग हिरवे सफरचंद मिळाले आहे, कारण मुद्दाम आंबट फळ मागणारे गिऱ्हाईक त्याने क्वचितच पाहिलेले असते.

हिरव्या सफरचंदातही एक उणीव आहे : ते आंबट असले तरी शिजून विरघळत नाही, फोडीचा आकार धरून राहते. त्यासाठी मी निम्मी सफरचंदे एक चमचा पाणी घालून झाकणाखाली मऊ शिजवते, पाणी पूर्ण आटवते, गार करते आणि निम्म्या फोडी कच्च्या ठेवते. मऊ लगदा आणि अखंड फोड असे दोन्ही घास मग तोंडात येतात, आणि ब्रॅम्लीच्या बरेच जवळ जाता येते. हिरवी मिळालीच नाहीत तर लाल सफरचंदे घेऊन 300 ग्रॅमला दोन चहाचे चमचे लिंबाचा रस लावावा आणि साखर 110 ऐवजी 80 ग्रॅम घ्यावी. फळांना चमक यावी म्हणून पुष्कळदा मेण चोळलेले असते. साल काढायचीच असल्यामुळे येथे त्याची चिंता नाही.

आंबटपणासाठी मी एकदा आमसुले भिजवून त्याचे पाणी घातले होते. चव वाईट नव्हती, पण केकचा रंग असा जांभळट राखाडी झाला की घरातले कोणी हात लावीना. चैत्रात पाव भाग कैरी घालूनही पाहिली आहे आणि तो केक मला मनापासून आवडला. फक्त त्याला आयरिश म्हणण्याचे कारण उरले नाही.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातल्या खेड्यात राहतो. ओव्हन नाही, आणि असता तरी विजेचा भरवसा नाही. चूल आणि गॅसची शेगडी आहे. आमच्यासारख्यांनी हा केक करूच नये काय?
— एक गृहिणी, खानापूर तालुका

उत्तर : वहिनी, खरे म्हणजे या केकवर पहिला हक्क आपला आहे. आयर्लंडच्या खेड्यांतल्या बहुतेक घरांत पूर्वी ओव्हन नव्हताच. तिथे ‘बॅस्टिबल’ नावाचे बिडाचे, सपाट बुडाचे, तीन आखूड पायांचे आणि जड झाकणाचे भांडे असे. दलदलीत साचून राहिलेल्या वनस्पतींचा थर कापून, वाळवून केलेले ‘टर्फ’ हे त्यांचे जळण. भांडे त्या विस्तवावर टांगायचे किंवा निखाऱ्यांत ठेवायचे आणि झाकणावरही निखारे रचायचे, अशी त्यांची भट्टी होती. पाव, केक आणि कधी मांसही त्याच भांड्यात होई.

काकडीचे धोंडस आपल्या घरी याच पद्धतीने होत असणार. बिडाचे किंवा जाड बुडाचे पितळी पातेले घ्यावे, तळाशी वाळूचा दोन बोटे जाड थर घालून ते चुलीवर दहा मिनिटे तापवावे, वाळूवर लहान तिवई किंवा उलटी ताटली ठेवून तिच्यावर केकचे भांडे ठेवावे आणि जड झाकण घालावे. मग चुलीतली लाकडे मागे ओढून खाली मंद धग ठेवावी आणि झाकणावर ठसठशीत निखारे पसरावेत. धोंडसाला आपण वर-खाली सारखा विस्तव ठेवत असाल. या केकला मात्र वरचा विस्तव खालच्यापेक्षा जास्त हवा, कारण बूड लवकर करपते आणि साखरेची पापडी वरच्या आचेशिवाय धरत नाही. अर्ध्या तासाने वरचे निखारे राखाडले की बदलावेत. झाकण उचलताना राख आत पडते, तेव्हा आधी फुंकर मारण्याचा मोह टाळून निखारे चिमट्याने उतरवावेत आणि झाकण ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. साधारण पाऊण ते एक तासात केक होतो. लाकडाच्या धुराचा जो किंचित वास त्याला लागतो, तो शहरातल्या ओव्हनमधून कधीही येणार नाही.

गॅसवर करायचा असेल तर जुना कुकर घ्यावा; शिट्टी आणि झाकणाचे रबर दोन्ही काढून ठेवावे, आत पाणी अजिबात घालू नये, तळाशी दोन वाट्या जाडे मीठ पसरून तो मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावा आणि नंतर अगदी बारीक आचेवर 55 ते 65 मिनिटे केक ठेवावा. कोरडा तापवल्याने कुकर खराब होतो, म्हणून रोजचा कुकर यासाठी वापरू नये. कुकरमध्ये वरची बाजू फिकट राहते. ती खटकली तर केक निवल्यावर उलटा करून तापल्या तव्यावर लोण्यावर दोन मिनिटे ठेवावा.

आपल्या पत्रात घरच्या लोण्याविषयीही विचारले आहे. ते चालते, आणि चवीला विकतच्यापेक्षा सरस ठरते, पण त्यात ताकाचा अंश आणि पाणी जास्त असते. गार पाण्याने तीन वेळा धुवावे, फडक्यात पिळून घट्ट करावे, आणि पिठात दूध एक-दोन चमचे कमी घालावे. तूप घालू नये. तुपात पाण्याचा अंश नसल्यामुळे आणि ते पिठात सरसकट मुरत असल्यामुळे केकऐवजी नानकटाईचा पोत येतो.

प्रश्न : आमच्या घरी अंडे चालत नाही. अंड्याशिवाय हा केक आणि कस्टर्ड होईल का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : होईल. एका अंड्याऐवजी 60 ग्रॅम ताजे, बेताचे आंबट दही घ्यावे आणि मैद्यात पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा वाढवावा, बेकिंग पावडर एक चमच्यावर आणावी. दही आणि सोडा एकत्र आले की लगेच बुडबुडे सुटू लागतात, म्हणून मिश्रण झाल्यावर थांबू नये. आयरिश स्वयंपाकाला ही युक्ती परकी नाही. तिथल्या थंड, दमट हवेत पिकणारा गहू मऊ आणि कमी चिकट असतो, यीस्टच्या पावाला तो फारसा पुरत नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात सोडा मिळू लागल्यावर ताक आणि सोडा यांचा पाव तिथे घरोघरी रुजला. आपल्याकडे खपली गहू मिळतो, त्याच्या पिठाचाही चिवटपणा कमी असतो. मैद्याच्या चौथ्या हिश्शाइतके बारीक दळलेले खपलीचे पीठ घातले तर केकला छान खमंगपणा येतो. अर्ध्यापेक्षा जास्त घातले तर तो कापताना चुरा होतो.

कस्टर्डची अडचण तर आपल्यासारख्याच एका घरात सुटली. बर्मिंगहॅममधले औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे, म्हणून त्यांनी 1837 मध्ये मक्याच्या पिठापासून बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. आपण किराणा दुकानातून आणतो ती कस्टर्ड पावडर त्याच जातीची आहे : मक्याचे पीठ, रंग आणि व्हॅनिलाचा वास. पाकिटावरची हिरवी खूण पाहून घ्यावी, एवढेच.

प्रश्न : आमच्याकडे कस्टर्ड म्हणजे गार करून त्यात केळी, डाळिंब, द्राक्षे घालायची, हेच माहीत. केकवर गरम कस्टर्ड ओततात हे पटत नाही. शिवाय अंड्याचे कस्टर्ड मी दोनदा केले आणि दोन्ही वेळा फुटले.
— एक भगिनी, चिकोडी

उत्तर : अक्का, लग्नाच्या पंगतीत वाटीतून मिळणारे फ्रूट कस्टर्ड आणि हे कस्टर्ड यांचे काम वेगळे आहे. पंगतीतले कस्टर्ड स्वतःच पक्वान्न असते. हे पातळ, कोमट कस्टर्ड केकसोबत येते, पुरणपोळीसोबत दूध यावे तसे. आपणही पुरणपोळीवर फ्रीजमधले दूध घेत नाही. केक कोमट आणि कस्टर्ड गार असले की लोणी जिभेवर गोठल्यासारखे लागते.

अंड्याच्या कस्टर्डसाठी तीन अंड्यांचे पिवळे बलक 40 ग्रॅम साखरेत घोटावेत, 300 मिलिलिटर कढत दूध बारीक धारेने ओतत ढवळावे आणि सगळे पुन्हा जाड पातेल्यात घेऊन अगदी मंद आचेवर लाकडी चमच्याने सतत हलवावे. उकळी येऊ देऊ नये. 82 अंशांच्या आसपास ते दाटते आणि त्याहून चार-पाच अंश पुढे गेले की बलक गोठून फुटते. आपले दोन्ही वेळा असेच झाले असावे. थर्मामीटर नसेल तर चमच्याची पाठ पाहावी. तिच्यावर साय धरल्यासारखा थर बसला आणि बोटाने ओढलेली रेघ भरून आली नाही, की त्या क्षणी पातेले उतरवून गार पाण्याच्या परातीत ठेवावे. नुकतेच फुटू लागले असेल तर गाळून मिक्सरमधून काढल्याने पुष्कळदा सावरते. व्हॅनिला उतरवल्यावर घालावा.

भीती वाटत असेल तर बलकात एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर घालावे. मग ते सहज फुटत नाही, पण येथे नियम उलटा होतो : कॉर्नफ्लोअर घातलेले कस्टर्ड मिनिटभर चांगले उकळलेच पाहिजे. पिवळ्या बलकात पिष्ट पदार्थ तोडणारा एक पाचक घटक असतो, आणि तो उकळीने मोडला नाही तर रात्री दाट असलेले कस्टर्ड सकाळी पाण्यासारखे पातळ झालेले दिसते. कस्टर्ड पावडर वापरत असाल तर अर्धा लिटर दुधाला दीड मोठा चमचा पुरे, कारण आपल्याला ओतण्याजोगे कस्टर्ड हवे आहे. पावडर आधी गार दुधात कालवावी. दूध म्हशीचे आणि सायीसकट असेल तर त्यात अर्धी वाटी पाणी घालण्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : हा केक किती दिवस टिकतो? मुलाला पुण्याला पाठवायचा आहे.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : बाहेर दोन दिवस, फ्रीजमध्ये चार ते पाच. फळाच्या ओलीमुळे पावसाळ्यात बेळगावच्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशी दिसते. रात्रीच्या गाडीने पाठवायचा असेल तर पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावा. कोमट भरला तर झाकणाला वाफ धरून साखरेची पापडी भिजते. कस्टर्ड पाठवू नये, पावडरीची पुडी पाठवावी, दूध त्याला तिथे मिळेल.